मोगऱ्याचे तेल पडताच साबण भांड्यातच घट्ट होतो: फुलांच्या सुगंधी तेलांच्या नेहमीच्या तक्रारी आणि त्यांचे निवारण

एप्रिल लागला, सोलापुरात मोगऱ्याचे गजरे दिसू लागले, की माझ्या फोनवर एकच तक्रार पुन्हा पुन्हा येऊ लागते. "ताई, सगळं मोजूनमापून केलं, पण मोगऱ्याचं तेल घातलं आणि मिश्रण भांड्यातच दगडासारखं झालं, साच्यात ओतायलाही वेळ मिळाला नाही." काही दिवसांनी दुसरी तक्रार येते: साबण छान जमला, पण महिन्याभरात त्याचा वास कुठे गेला कळत नाही. मग पांढरा साबण चहाच्या रंगाचा झाल्याची, मेणबत्तीवर तेलाचे थेंब सुटल्याची आणि घरी केलेले अत्तर गढूळ झाल्याची. या तक्रारी वेगवेगळ्या वाटल्या तरी गेली काही वर्षे हे काम स्वतः करताना आणि इतर बायकांना शिकवताना मला त्यांची मुळे बहुतेक वेळा दोनच सापडली आहेत. पहिले म्हणजे बाटलीत नेमके काय आहे हे न पाहता तेल वापरणे, आणि दुसरे म्हणजे थंड हवेच्या प्रदेशात लिहिलेली कृती सोलापूरच्या उन्हाळ्यात जशीच्या तशी करणे. कृतीतले प्रमाण क्वचितच चुकलेले असते, आणि करणाऱ्याचा हात तर त्याहूनही क्वचित.

मिश्रण भांड्यातच घट्ट होणे

कॉस्टिकचे, म्हणजे कॉस्टिक सोड्याचे, पाणी आणि तेले एकजीव होऊन मिश्रण पातळ पिठल्यासारखे झाले, रवी उचलल्यावर पडणारी धार पृष्ठभागावर क्षणभर उमटून राहू लागली, की त्या अवस्थेला साबण करणारे ट्रेस म्हणतात. सुगंधी तेल सहसा याच वेळी घातले जाते. तेल अनुकूल असेल तर मिश्रण आणखी दहा-पंधरा मिनिटे ओतण्याजोगे राहते. तेल प्रतिकूल असेल तर पहिल्या पाच-सहा वळशांतच मिश्रणाची चकाकी जाते, ते भांड्याच्या कडा सोडून रवीभोवती गोळा होते, भांडे बाहेरून हाताला गरम लागते आणि मिनिटभरात चमचा त्यात उभा राहतो. कधी संपूर्ण गोळा न होता तांदळाच्या कण्यांसारखे दाणे पडतात, आणि कधी दूध फाटावे तसे तेल वेगळे होऊन कडेने तरंगू लागते. हे तीन प्रकार वेगळे ओळखायला शिकावे, कारण सगळ्यांना एकच उपाय चालत नाही.

असे का होते, ते समजून घेतले तर पुढचे बरेच नुकसान टळते. बाजारात मिळणारे मोगऱ्याचे किंवा गुलाबाचे सुगंधी तेल हे त्या फुलातून काढलेले तेल नसते. अनेक गंधद्रव्ये प्रमाणात मिसळून त्या फुलाचा भास निर्माण केलेला असतो, आणि ते मिश्रण एखाद्या द्रावकात पातळ केलेले असते. या गंधद्रव्यांत युजेनॉल किंवा आयसोयुजेनॉल असेल तर कॉस्टिक आणि तेलांची क्रिया एकदम वेग घेते. लवंगेचा वास ज्याच्यामुळे येतो ते हेच युजेनॉल, आणि कार्नेशनसारख्या मसालेदार फुलांच्या गंधात ते भरपूर वापरतात. लिली, गार्डेनिया म्हणजे आपला गंधराज, लायलॅक आणि हायसिंथ या नावांनी विकली जाणारी तेलेही साबणकारांमध्ये याच कारणासाठी बदनाम आहेत. द्रावक म्हणून अल्कोहोल किंवा ग्लायकॉल जास्त असले तरी मिश्रण लवकर घट्ट होते.

आता यात सोलापूरचा मे महिना मिळवून पाहा. पुस्तकांतल्या आणि व्हिडिओतल्या बहुतेक कृतींमध्ये "कॉस्टिकचे पाणी खोलीच्या तापमानाला येऊ द्या" असे एक निरुपद्रवी वाक्य असते. ज्या देशात ते लिहिले गेले तिथे खोलीचे तापमान २०-२२ अंश असते. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४२-४३ अंश असतात, गच्चीवरच्या टाकीचे पाणी दुपारी हाताला पोळते आणि पत्र्याच्या खोलीतले तेलाचे डबे सकाळीही कोमट असतात. कॉस्टिक पाण्यात विरघळताना स्वतः बरीच उष्णता बाहेर टाकते, म्हणजे सुरुवातच ३८ अंशांच्या पाण्याने केली तर द्रावण उकळीच्या जवळ पोहोचते आणि कितीही वेळ ठेवले तरी ४० अंशांच्या खाली उतरत नाही. अशा गरम मिश्रणात वेग वाढवणारे फुलांचे तेल पडले तर ते घट्ट होणारच.

म्हणून उन्हाळ्यात मी साबणाचे काम पहाटे पाचच्या सुमारास करते, आणि पाण्याच्या वजनातला अर्धा भाग बर्फाचा घेते. बर्फ मोजून घ्यायचा, कारण तो पाण्यातच धरला जातो. कॉस्टिक थोडे थोडे करून बर्फाच्या पाण्यात घालायचे. पाणी कॉस्टिकवर कधीही ओतायचे नाही. तेलांचे भांडे गार पाण्याच्या परातीत ठेवून दोन्ही ३० ते ३३ अंशांवर आणायची. थर्मामीटर नसेल तर आधी तो घ्यावा, सुगंधी तेल नंतर. भांडे स्टीलचे असावे. अॅल्युमिनियमच्या पातेल्याशी कॉस्टिकची क्रिया होऊन हायड्रोजन वायू सुटतो. डोळ्यांवर चष्मा आणि हातात मोजे या गोष्टींत सूट घेऊ नये, आणि द्रावण अंगावर उडालेच तर व्हिनेगर शोधत न बसता ती जागा भरपूर वाहत्या पाण्याने धुवावी.

तेल अवघड आहे असा संशय असेल तर आणखी काही बदल करावेत. पाणी थोडे जास्त घ्यावे, म्हणजे द्रावणात कॉस्टिकचे प्रमाण ३३ टक्क्यांऐवजी ३० किंवा त्याहून किंचित कमी राहील. पाम तेल, शिया बटर यांसारखी घट्ट स्निग्धद्रव्ये कमी करावीत, कारण तीही मिश्रण लवकर आळवतात. विजेचा ब्लेंडर फक्त एकजीव होईपर्यंत वापरावा आणि सुगंधी तेल घातल्यानंतर त्याला हात न लावता साध्या रवीने किंवा उलथन्याने हलवावे. सुगंधी तेल त्याच्या दुप्पट वजनाच्या तेलात आधी कालवून ठेवले तर ते एका जागी साचत नाही. एवढे करूनही काही तेले घट्ट होतातच. ती साध्या एकरंगी वडीसाठी ठेवावीत, नक्षीच्या साबणाचा हट्ट त्यांच्याबरोबर धरू नये.

आणि झालेच घट्ट, तर ते फेकू नये. कण्या पडल्या असतील किंवा तेल सुटले असेल तर ब्लेंडर थोडा थोडा वेळ चालवल्यावर मिश्रण बहुधा पुन्हा एकजीव होते. पूर्ण गोळा झाला असेल तर तेच भांडे उकळत्या पाण्याच्या मोठ्या पातेल्यात ठेवावे, झाकण लावावे आणि मधूनमधून हलवत तासभर शिजू द्यावे. गोळा आधी कडेने, मग मध्यापर्यंत पारदर्शक होऊन उकडलेल्या बटाट्याच्या लगद्यासारखा दिसू लागतो. मग तो चमच्याने साच्यात दाबून भरावा आणि साचा दोन-तीनदा ओट्यावर आपटावा. वडी खडबडीत दिसते, वासही थोडा कमी होतो, पण साबण उत्तम वापरता येतो.

एक चूक मात्र सोलापूरकर हमखास करतात, कारण घरात ती वस्तू हाताशीच असते. साचा भरल्यावर तो गरम कपड्यात गुंडाळावा असे वाचले, की आपली चादर निघते. डिसेंबर-जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत ते योग्यच आहे. सोलापुरी चादर उष्णता धरून ठेवण्याचे काम चोख करते. एप्रिल-मेमध्ये त्याच चादरीखाली फुलांच्या तेलाचा साबण इतका तापतो की मध्यभागी फुगून चिरतो आणि सुगंधी तेल त्या चिरेतून बाहेर येते. उन्हाळ्यात साचा उघडा, फरशीवर, भिंतीपासून दूर ठेवावा, आणि जागा असेल तर पहिले काही तास फ्रिजमध्ये.

बाटलीत नेमके काय आहे

पहिल्या दोन वर्षांत माझा सर्वांत मोठा तोटा ज्या बाटलीने केला, ती मी एका दुकानातून "शुद्ध मोगरा" म्हणून घेतली होती. वास अप्रतिम होता. पाच किलो तेलांचा साबण भांड्यातच आटला, वर न जिरलेला तेलकट थर राहिला, आणि मेणबत्तीत तेच तेल तळाशी थेंब होऊन बसले. नंतर चौकशी केल्यावर कळले की ते अगरबत्ती बुडवण्यासाठी केलेले तेल होते. अगरबत्तीच्या तेलात गंधद्रव्ये डायइथाइल थॅलेट म्हणजे बाजारात ज्याला डीईपी म्हणतात त्यात, किंवा व्हाइट ऑइलमध्ये पातळ केलेली असतात. अगरबत्तीसाठी ते ठीक आहे. साबणात डीईपी कॉस्टिकशी क्रिया करून हिशेब बिघडवते, आणि व्हाइट ऑइल हे खनिज तेल असल्याने त्याचा साबण होतच नाही, ते तसेच चिकट राहते. दुकानदाराने फसवले असे मी आता म्हणत नाही. मी तेल कशासाठी हवे ते सांगितले नाही आणि त्याने विचारले नाही.

तेव्हापासून मी कागद मागितल्याशिवाय तेल घेत नाही. १९७३ साली स्थापन झालेली इफ्रा ही सुगंध उद्योगाची आंतरराष्ट्रीय संघटना गंधद्रव्यांच्या सुरक्षित वापराच्या मर्यादा ठरवते, आणि चांगला उत्पादक प्रत्येक तेलासोबत त्या मर्यादांचे प्रमाणपत्र देतो. त्यात वापराच्या प्रकारानुसार वर्ग असतात: अंगाला लावायच्या अत्तराचा वर्ग ४, धुऊन टाकायच्या साबणाचा वर्ग ९ आणि मेणबत्तीचा वर्ग १२. एकाच तेलाला मेणबत्तीत जवळजवळ मोकळीक आणि अत्तरात अर्धा टक्का एवढीच परवानगी, असेही दिसते. प्रमाणपत्रच नसेल तर ते तेल अंगाला लागणाऱ्या कोणत्याही वस्तूत घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. फुलांच्या तेलांबाबत याची गरज अधिक आहे, कारण त्यातली काही द्रव्ये त्वचेला ॲलर्जी करणारी ठरली आहेत. लिलीच्या गंधासाठी वर्षानुवर्षे वापरलेले लिलिअल युरोपीय संघात १ मार्च २०२२ पासून सौंदर्यप्रसाधनांत वापरता येत नाही. जुन्या साठ्यातली स्वस्त बाटली घेताना हे लक्षात ठेवावे.

प्रमाणपत्रातला टक्का वाचताना अनेकींचा गोंधळ होतो. आपण साबणात सुगंधी तेल मोजतो ते तेलांच्या वजनावर, आणि प्रमाणपत्रातला टक्का असतो तयार वस्तूच्या वजनावर. ३०० ग्रॅम तेलांना ३ टक्के म्हणजे ९ ग्रॅम सुगंधी तेल घातले, आणि वाळून साबण ३९० ग्रॅम भरला, तर तयार साबणात ते सुमारे २.३ टक्के होते. तुलना या आकड्याशी करायची.

मोठा घाणा घालण्याआधी प्रत्येक नव्या बाटलीची मी एक छोटी परीक्षा घेते, आणि या संपूर्ण लेखातून एकच गोष्ट उचलायची असेल तर ही उचलावी. खोबरेल ९० ग्रॅम, शेंगदाणा तेल १८० ग्रॅम आणि एरंडेल ३० ग्रॅम अशी ३०० ग्रॅम तेले घ्यायची. त्यांना ५ टक्के तेल मोकळे, म्हणजे साबण न होता तसेच, ठेवून ४२.५ ग्रॅम कॉस्टिक आणि १०० ग्रॅम डिस्टिल्ड पाणी लागते. वजनकाटा ०.१ ग्रॅम दाखवणारा हवा, आणि तेलांत बदल केलात तर कॉस्टिकचा हिशेब पुन्हा करायलाच हवा. मिश्रण जेमतेम एकजीव झाले की ते तीन स्टीलच्या वाट्यांत प्रत्येकी सुमारे १४७ ग्रॅम वाटायचे. एका वाटीत काहीच घालायचे नाही, दुसरीत आपल्या खात्रीच्या जुन्या तेलाचे ३ ग्रॅम आणि तिसरीत नव्या तेलाचे ३ ग्रॅम. तिन्ही सारख्याच वेगाने हलवायच्या आणि घड्याळ लावायचे. साध्या वाटीला बारा मिनिटे लागली आणि नव्या तेलाच्या वाटीला दीड, तर त्या बाटलीबद्दल जे कळायचे ते कळले. तिन्ही वड्यांवर तारीख, त्या दिवशीचे तापमान आणि बाटलीचा बॅच क्रमांक लिहून त्या सहा आठवडे कपाटात ठेवायच्या, कारण रंगाची आणि वासाची परीक्षा तेव्हाच पूर्ण होते. सुगंधी तेल थर्माकोलच्या किंवा हलक्या प्लास्टिकच्या कपात मोजू नये. काही तेले तो कप विरघळवून टाकतात.

वास उडणे आणि रंग बदलणे

साबण पूर्ण वाळल्यावरही अल्कधर्मीच असतो, म्हणून त्यात घातलेल्या गंधाला महिनोन्महिने त्या वातावरणात टिकावे लागते. प्रत्येक फुलाच्या गंधाची ही ताकद सारखी नसते, आणि ग्राहकाला जे फूल सर्वांत आवडते ते नेमके सर्वांत नाजूक निघते. मोगऱ्याचा तो गोड, फळासारखा पहिला झोत मुख्यतः बेंझाइल ॲसिटेटमुळे येतो. ते एस्टर, म्हणजे आम्ल आणि अल्कोहोल जोडून झालेले द्रव्य आहे, आणि कॉस्टिक एस्टरांना फोडते. खोबरेलाचा साबण होतो तो याच क्रियेने. त्यामुळे मोगऱ्याचा वरचा, ताजा भाग साबणात पहिल्या काही दिवसांतच कोमेजतो आणि मागे इंडोलसारख्या द्रव्यांचा जड, थोडा शिळ्या गजऱ्यासारखा वास उरतो. निशिगंधाच्या गंधातही अशी एस्टर पुष्कळ असतात आणि त्याचीही तीच गत होते.

याउलट गुलाबाचा गंध ज्यांच्यावर उभा आहे ती फेनिलइथाइल अल्कोहोल, जिरॅनिऑल आणि सिट्रोनेलॉल ही द्रव्ये साबणात चांगली तग धरतात. केवड्याचे तर मला फार कौतुक वाटते. त्याच्या अर्कातले मुख्य द्रव्य फेनिलइथाइल मिथाइल ईथर आहे, आणि ईथरावर कॉस्टिकची मात्रा सहसा चालत नाही. म्हणून केवड्याचा साबण उघडल्यावर आजही तोच थेट, टोकदार वास येतो. ज्यांना साबणाची सुरुवात फुलांपासूनच करायची आहे त्यांनी गुलाब आणि केवड्यापासून करावी, मोगऱ्याकडे नंतर जावे. आणि मोगरा हवाच असेल तर त्यात वाळ्याचे तेल दहा भागांत एक भाग मिसळावे. वाळा सावकाश उडतो आणि मोगऱ्याच्या उरलेल्या जड भागाला मातीचा, माठातल्या पाण्याचा आधार देतो. वास मूळ मोगऱ्यासारखा राहत नाही, पण सुरेख राहतो.

रंग बदलण्यामागेही हीच द्रव्ये आहेत. व्हॅनिलिन, म्हणजे व्हॅनिलाचा वास देणारे द्रव्य, असलेले तेल साबणाला हळूहळू तपकिरी करते, इंडोलमुळेही वडी काळसर पडते, आणि मोगऱ्यात व संत्र्याच्या फुलांच्या गंधात असणारे मिथाइल अँथ्रानिलेट अल्डिहाइडांशी जुळून गडद पिवळा-नारिंगी रंग देते. साबण खराब झालेला नसतो. पांढरा रंग घालून हे झाकत बसण्यापेक्षा सुरुवातीपासूनच बदामी किंवा मातकट रंगाची वडी ठरवावी.

नारिंगी ठिपके पडले आणि जुन्या तळणीच्या तेलासारखा वास आला, तर मात्र प्रकरण वेगळे आहे. आपल्या भागात करडईचे तेल घरोघरी असते आणि ते साबणात घालण्याचा मोह होतो. नेहमीच्या करडई तेलात लिनोलेइक आम्लाचे प्रमाण फार मोठे असल्याने ते साबणात लवकर खवट होते, आणि खवट वास कोणत्याही फुलाच्या गंधाला गिळतो. करडई एकूण तेलांच्या दहा टक्क्यांच्या पुढे नेऊ नये. बोअरचे पाणीही वापरू नये. त्यातले लोहासारखे धातू खवटपणाला वेग देतात. डिस्टिल्ड पाण्याचा खर्च एका वडीमागे नगण्य असतो.

वाळवण्याच्या जागेचाही विचार करावा. गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत साबण लवकर वाळतो खरा, पण पाण्याबरोबर गंधही निघून जातो. ज्यांच्याकडे अजून जाड भिंतींचे माळवदाचे घर आहे त्यांनी त्यातली आतली खोली वापरावी. बाकीच्यांनी पंख्याच्या थेट झोतापासून दूर, बंद कपाटात, एकेका फुलाचा साबण वेगळ्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवावा. चार ते सहा आठवडे तरी हवेतच. विकण्यासाठी साबण करायचा असेल तर सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० नुसार परवाना लागतो, हे इथेच सांगून ठेवते.

मेणबत्ती घामेजणे आणि वास न पसरणे

मेणात कॉस्टिक नसते, त्यामुळे मोगरा आणि निशिगंध इथे मनासारखे फुलतात. इथली तक्रार वेगळी: वर तेलाचे थेंब सुटतात, किंवा मेणबत्ती पेटवल्यावर काहीच वास येत नाही. थेंब सुटण्याची कारणे तीन. तेल मेणात विरघळणारे नसणे, प्रमाण जास्त होणे आणि साठवणीची उष्णता. पहिले तपासायला १५ ग्रॅम मेण वितळवून काचेच्या छोट्या भांड्यात घ्यावे, ८० अंशांवर त्यात १ ग्रॅम तेल घालून ढवळावे आणि दोन मिनिटे स्थिर ठेवावे. तळाशी गोल थेंब बसला तर ते तेल ग्लायकॉलमध्ये पातळ केलेले असण्याची शक्यता मोठी, आणि कितीही ढवळले तरी ते मेणात जाणार नाही. प्रमाणाचे म्हणाल तर साधे पॅराफिन थोडेच तेल धरते, ४-५ टक्क्यांवर थांबावे. सोया मेणाला ६ ते ८ टक्के चालते. "वास कमी आहे" म्हणून तेल वाढवत नेणे हा सर्वांत महागडा आणि सर्वांत निरुपयोगी उपाय आहे.

उष्णतेचे गणित सोपे आहे. काचेत ओतायचे सोया मेण साधारण ४६ ते ५२ अंशांना वितळते, आणि मे महिन्यात बंद गाडीत किंवा पत्र्याखाली तेवढे तापमान सहज होते. मेण मऊ झाले की त्यातले तेल वर येते. उन्हाळ्यात विक्रीला न्यायच्या मेणबत्त्यांसाठी मी ५८-६० अंशांना वितळणारे पॅराफिन घेते, त्यात ५ ते १० टक्के स्टिअरिक ॲसिड घालते आणि माल सकाळीच पोहोचवते.

वास पसरत नसेल तर आधी वात पाहावी. वात बारीक असेल तर मेणाचे तळे काठापर्यंत पोहोचत नाही आणि गंध बाहेर पडायला पृष्ठभागच मिळत नाही; सात सेंटिमीटर व्यासाच्या ग्लासात अडीच-तीन तासांत तळे काठाला लागले पाहिजे. सोयाची मेणबत्ती ओतल्यावर किमान आठवडाभर, शक्यतो दोन, मुरू द्यावी. चाचणी पंखा बंद करून घ्यावी, कारण झोतात ज्योत एका बाजूला झुकते, काजळी धरते आणि वासही कळत नाही. सोलापूरच्या उन्हाळ्यात हे जिवावर येते, म्हणून मी चाचण्या रात्री दहानंतर ठेवते.

फ्लॅश पॉइंटबद्दल एक गैरसमज पक्का बसलेला आहे. बाटलीवर ७५ अंश लिहिले असेल तर ८० अंशांच्या मेणात तेल घातल्यावर वास जळून जातो, असे अनेकजण मानतात. तो आकडा जवळ ज्योत असताना तेलाची वाफ कोणत्या तापमानाला पेट घेईल हे सांगतो. म्हणून मेण नेहमी पाण्याच्या पातेल्यात भांडे ठेवून वितळवावे, तेल घालण्यापूर्वी गॅस बंद करावा, आणि ८० अंशांच्या आसपास घालून पूर्ण दोन मिनिटे ढवळावे. मेणाने पेट घेतला तर पाणी अजिबात टाकू नये; झाकण ठेवून हवा तोडावी.

अत्तर गढूळ होणे

अल्कोहोलमधले अत्तर पाणी घातल्यावर दुधाळ होते, कारण गंधद्रव्ये पाण्यात विरघळत नाहीत. औषधाच्या दुकानातले ७० टक्क्यांचे स्पिरिट घेतले तर त्यात पाणी आधीच असते, आणि वासही दवाखान्याचा येतो. शुद्ध अल्कोहोल घेणे आणि साठवणे राज्य उत्पादन शुल्काच्या नियमांत येते, म्हणून घरगुती कामासाठी मी ती वाट सोडून तेलातले रोल-ऑन अत्तर करते. इफ्राच्या वर्ग ४ च्या मर्यादेत बसेल एवढेच सुगंधी तेल, गडद काचेची बाटली, आणि तीन आठवडे अंधारात मुरवणे. नवीन अत्तर कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून एक दिवस वाट पाहावी, मगच कोणाला द्यावे.

आधार म्हणून साधे खोबरेल घेतले असेल तर मे महिन्यात निर्मळ दिसणारी बाटली डिसेंबरच्या सकाळी पांढरी आणि घट्ट दिसते, आणि "अत्तर खराब झालं" म्हणून ती परत येते. खोबरेल साधारण २४ अंशांखाली गोठते, एवढेच त्याचे कारण आहे. न गोठणारे फ्रॅक्शनेटेड खोबरेल किंवा आयसोप्रोपाइल मायरिस्टेट घेतले की ही तक्रार येत नाही. आणि आधीच दिलेली बाटली परत आली, तर ती पाच मिनिटे मुठीत धरून ठेवावी, तेल पुन्हा निर्मळ होते आणि आतला मोगरा जसाच्या तसा असतो.